मागच्या बाकावरचं काम

पर्यावरण म्हटलं की शाळेत सगळ्यात आधी रंगपेट्या बाहेर निघतात. पृथ्वीचा गोल, त्याला लावलेला थर्मामीटर, डोळ्यांतून टपटप पाणी. एका बाजूला हिरवंगार झाड, दुसऱ्या बाजूला धूर ओकणारं धुराडं. खाली घोषवाक्य, शक्यतो यमक जुळलेलं. ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या मागेपुढे व्हरांडे अशा चित्रांनी भरतात, बक्षिसं वाटली जातात आणि थोड्याच दिवसांत त्याच भिंतीवर दुसऱ्या कुठल्या तरी दिनाची चित्रं लागतात. मुलांनी चित्रं काढू नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही, मुलं फार सुरेख काढतात. पण त्या रडणाऱ्या पृथ्वीच्या चित्रकाराला सहज विचारून बघा, ‘आपल्या शाळेला रोज किती पाणी लागतं रे?’ चित्रकलेच्या तासाला भूमितीचा प्रश्न यावा तसा तो तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.

शाश्वत विकासाचं, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या वाट्याचं न संपवता आजच्या गरजा कशा भागवायच्या याचं शिक्षण वर्गात आणू पाहणाऱ्या शिक्षकांच्या सोबतीला असणं हे माझं काम. सोबतीला म्हणजे, मी मागच्या बाकावर बसते, तास बघते, वहीत काही टिपते आणि नंतर शिक्षकांशी बोलते. पुढच्या वेळी परत जाते. लांबून पाहणाऱ्याला यात काम असं काही दिसत नाही. शिपाईकाकांनी एकदा मोठ्या आपुलकीने विचारलं होतं, ‘मॅडम, तुमचा तास कधी असतो?’

खरं तर काय करायला हवं, हे जगाने केव्हाच लिहून ठेवलंय. १९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसीला युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने मिळून एक परिषद भरवली. पर्यावरण शिक्षणाची पाच प्रकारची उद्दिष्टं तिथे ठरली: जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्यं आणि सहभाग. हा सुटा विषय नाही, तो सगळ्या विषयांतून आणि आयुष्यभर चालायचा आहे, हेसुद्धा तेव्हाच नोंदवलं गेलं. पुढे १९९२ ची पर्यावरण आणि विकासावरची रिओ परिषद आली, तिच्या ‘अजेंडा २१’ या कृतिआराखड्यामधलं शिक्षणावरचं ३६वं प्रकरण आलं. २००५ ते २०१४ हे तर शाश्वत विकासासाठी शिक्षणाचं दशक म्हणूनच साजरं झालं. मग संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं, हेच शिक्षण सगळ्यांना मिळावं असं सांगणारं ४.७ हे लक्ष्य, मग त्याच विषयावरचा २०२१ चा बर्लिन जाहीरनामा. कागदाची टंचाई कधीच नव्हती. (एवढ्या कागदाला किती झाडं लागली, असं एका शिक्षकांनी प्रशिक्षणात विचारलं होतं. त्यांना टाळ्या मिळाल्या, उत्तर मिळालं नाही.)

अडचण अशी की त्या पाच उद्दिष्टांपैकी पहिल्या दोनांतच शाळेचं वर्ष संपतं. जाणीव झाली, माहिती दिली, परीक्षेत पाच गुणांना प्रश्न आला. २०२१ मध्येच युनेस्कोने जगभरच्या शिक्षकांच्या एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हवामानबदल शिकवणं महत्त्वाचं आहे, असं ९५ टक्के शिक्षक म्हणाले. तो शिकवण्याचा आत्मविश्वास चाळीस टक्क्यांच्या आसपास. आपल्या भागावर त्याचा काय परिणाम होईल हे नीट समजावून सांगता येतं म्हणणारे साधारण एक तृतीयांश. आणि यावर करायचं काय, हे चांगलं सांगता येतं म्हणणारे पाचात एक. या आकड्यांचा वापर बहुधा शिक्षकांना आणखी एक प्रशिक्षण देण्यासाठी होतो. मला त्यांत वेगळंच दिसतं. पंचाण्णव टक्के माणसांना आधीच पटलेलं आहे, त्यांना पटवण्यात आणखी दिवस घालवायला नकोत.

तरीही दिवस जातात तिथेच. मोठं सभागृह, हिमनग वितळतानाची चित्रफीत, पाठोपाठ आलेख, मग गटचर्चा, मग प्रमाणपत्र. अभिप्रायाच्या कागदावर ‘अतिशय उपयुक्त’ असं लिहून शिक्षक बाहेर पडतात, आणि ते खोटं लिहीत नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला, मागे राहिलेला घटक आणि पुढ्यात आलेली चाचणी असताना, त्या उपयुक्ततेचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. शिक्षक-प्रशिक्षणाचे अमेरिकी अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या दशकात हेच मांडलं होतं. ऐकून, बघून, अगदी एकदा करून पाहूनही नवी पद्धत वर्गात टिकत नाही. करताना शेजारी कुणीतरी लागतं. २०१८ मध्ये क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन या अमेरिकी संशोधकांनी अशा सोबतीवरचे ६० अभ्यास एकत्र तपासले. शिकवण्याच्या पद्धतीवर ०.४९ प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते सांगणारं माप) इतका परिणाम दिसला, शिक्षणातल्या मोजमापांत हा चांगलाच मोठा धरतात. मुलांच्या गुणांवर तो ०.१८ होता. ते अभ्यास पर्यावरणाचे नव्हते, बरेचसे वाचन-लेखन शिकवण्याबद्दलचे होते. पण शिक्षक हा प्राणी विषय बदलला म्हणून बदलत नाही. त्याच तपासणीतली आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही: कार्यक्रम जसजसा मोठा होतो, तसतसा परिणाम पातळ होत जातो. तिच्याकडे मी शेवटी येईन.

आधी गणिताच्या मॅडमबद्दल सांगते.

पहिल्या भेटीतच त्यांनी हात वर केले. ‘हे विज्ञानवाल्यांना सांगा, भूगोलवाल्यांना सांगा. माझ्या विषयात पर्यावरण कुठे बसवू? माझे अजून दोन घटक राहिलेत.’ मी पाठटाचण बघायला मागितलं. त्या आठवड्यात एकमान पद्धत होती. बारा पेन्सिलींची किंमत अमुक, तर सात पेन्सिलींची किती, या जातीची उदाहरणं. मी विचारलं, ‘शाळेत गळका नळ आहे का?’ त्या म्हणाल्या, ‘न गळणारा कुठला ते विचारा.’

दुसऱ्या भेटीत मॅडम वैतागलेल्या होत्या. सेकंदाला एक थेंब गळला तर दिवसाला किती पाणी जातं, हे त्यांनी इंटरनेटवर शोधलं होतं. एका ठिकाणी चार लिटर, दुसरीकडे वीसच्या पुढे. ‘यातलं खरं कुठलं? मुलांना काय सांगू?’ उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. ते तिथेच थोपवणं हा या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. मी फक्त विचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं, एवढा फरक कशाने पडत असेल?’ त्यांनी क्षणभर विचार केला. ‘थेंब सारखे नसतील.’ आणि मग हळूच, ‘मुलांनाच मोजायला लावू का?’

प्रयोगशाळेतून १० मिलिलिटरची मोजनळी आली. नळ असा सोडला की सेकंदाला साधारण एक थेंब पडेल. चार-चार जणांचे गट, एकजण मोजणार, एकजण घड्याळ बघणार, एकजण लिहिणार, आणि चौथा, जो प्रत्येक गटात असतोच, तो इतरांचं मोजणं चुकवणार. पहिल्या गटाचे ४८ थेंब झाले. दुसऱ्याचे ५१. तिसऱ्याचे ३९, कारण मध्येच कुणाचा तरी हात लागून नळ जरा जास्त सुटला होता, आणि यावर जे भांडण जुंपलं त्यात मॅडमनी पडायचं नाही असं ठरवलेलं मला मागून स्पष्ट दिसलं. मग फळ्यावर गणित. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे थेंबही तेवढेच. ४८ थेंबांचे १० मिलिलिटर, तर ८६,४०० थेंबांचे किती? वर्ग एकदम गप्प होऊन वहीत शिरला. उत्तर आलं १८ लिटर. काही छेद नाही, दशांश नाही, नीट अठरा.

मॅडम तिथे थांबल्या असत्या तरी तास छान झाला असता. पण त्यांनी खिशातून एक ड्रॉपर काढला. त्याने मोजलं तर १ मिलिलिटरला २० थेंब भरले. पुन्हा तेच गणित केलं, ४ लिटर ३२० मिलिलिटर. ‘म्हणजे ते दोघेही खोटं बोलत नव्हते,’ एक मुलगी म्हणाली, ‘त्यांनी आपापला थेंब सांगितलाच नाही फक्त.’ मी हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. आकडा कुणी, कशाने, काय धरून मोजला हे विचारल्याशिवाय तो घ्यायचा नाही, हे शिकवायला मला एरवी दोन दिवसांचं शिबिर लागलं असतं.

घंटा झाली. आवराआवरीत एक मुलगा म्हणाला, ‘पण मग हा नळ दुरुस्त का करत नाहीत?’ मॅडम तेवढ्यात फळा पुसत म्हणाल्या, ‘तर मुलांनो, पाणी जपून वापरायचं, कळलं?’ ‘हो मॅडम,’ असा एका सुरातला होकार आला आणि वर्ग संपला.

नंतर शिक्षकखोलीत बसलो, तेव्हा मी माझ्या वहीचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. पानावर शेवटी त्या मुलाचा प्रश्न होता आणि त्याखाली त्यांचं वाक्य. त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. ‘अरे देवा, हे मी ऐकलंच नाही.’ मला काही बोलावं लागलं नाही. मागच्या बाकावरच्या माणसाचा उपयोग असेल तर तो एवढाच. वर्ग चालवणाऱ्याला जे ऐकू येत नाही ते ऐकणं, आणि शेरा न मारता परत देणं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तो प्रश्न स्वतःहून वर्गात मांडला. नळ दुरुस्त का होत नाही? मुलं शिपाईकाकांकडे गेली. काका म्हणाले, वायसर गेलाय, वायसर काही महाग नाही, पण तो बदलायचा तर मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागतो, म्हणजे सगळ्या शाळेचं पाणी बंद, म्हणजे सुट्टीच्या दिवशीच जमणार. आणि तक्रारींची वही आहे ऑफिसात, तिच्यात कुणी लिहीत नाही, सगळे येताजाता मला तोंडी सांगतात, मग सुट्टी येईपर्यंत कुठला नळ ते मी विसरतो. थोडक्यात, पाणी मुलांच्या बेजबाबदारपणामुळे वाहत नव्हतं. ते एका वहीमुळे वाहत होतं. ‘पाणी जपून वापरा’ या उपदेशाला शाळेत कधी कुणाचा विरोध नव्हता, आणि त्याने वायसर कधी बदलला गेला नव्हता.

बियर्न ब्रून येन्सन आणि कार्स्टेन श्नॅक या डॅनिश अभ्यासकांनी १९९७ मध्ये उपक्रम आणि कृती यांत एक फरक केला, तो मला फार उपयोगी पडतो. मुलांनी मैदानातला कचरा उचलला, तो उपक्रम. त्याला कृती म्हणायचं तर दोन अटी: ती प्रश्नाच्या कारणाला हात घालणारी हवी, आणि काय करायचं ते करणाऱ्याने स्वतः ठरवलेलं हवं. या चाळणीतून शाळांचे बहुतेक हरित कार्यक्रम खाली गळतात. मुलांनी झाडं लावली, पण कुठली, कुठे आणि लावायची की नाही, हे मोठ्यांनी ठरवलं होतं. मुलं फोटोपुरती आणि फावड्यापुरती होती. मी हे जरा कठोरपणे बोलते, हे मला ठाऊक आहे. पण इवल्याशा रोपाला एकाच वेळी दहा जणांनी हात लावल्याचे फोटो मी इतके पाहिलेत की माझी सहानुभूती आता रोपाकडेच जाते.

नळाच्या बाबतीत पुढचं काम भाषेच्या सरांकडे गेलं. मुख्याध्यापकांना अर्ज लिहायचा होता, आणि अर्जलेखन अभ्यासक्रमात होतंच. पहिल्या मसुद्यात मुलांनी जे लिहायचं असतं तेच लिहिलं: पाणी म्हणजे जीवन, पाण्याविना सजीवसृष्टी अशक्य, तरी आपण याकडे लक्ष द्यावे ही नम्र विनंती. सरांनी सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, ‘हे वाचून मुख्याध्यापकांनी उद्या सकाळी नक्की काय करायचं?’ वर्गाला उत्तर देता येईना. शेवटच्या मसुद्यात सजीवसृष्टी नव्हती. दोन नळांच्या जागा होत्या, मोजणीचा तक्ता होता, तक्रारवही नळांजवळ टांगावी आणि दर आठवड्याला एका वर्गाने ती तपासून ऑफिसात द्यावी अशी मागणी होती. त्या वर्षी मी वाचलेल्या निबंधांत हा सगळ्यात उत्तम मजकूर होता, आणि तो निबंध नव्हता.

असं सगळं नेहमी जुळून येत नाही. काही वर्गांत मी महिनोन्महिने बसले आणि तिथे काहीही झालं नाही, त्याबद्दल लिहिण्यासारखंही काही नाही.

विज्ञानाच्या तासांची अडचण निराळी असते. तिथे विषय आयताच असतो, त्यामुळे शिक्षक निश्चिंत असतात. एका सरांनी मोठ्या सफाईने सांगितलं, ओझोनच्या थराला भोक पडलं, त्यातून सूर्याची उष्णता जास्त येऊ लागली, म्हणून पृथ्वी तापते आहे. ही सरमिसळ कुणा एकाची नाही. अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांमध्ये आणि शिक्षक होऊ घातलेल्यांमध्येही ती संशोधकांना पुन्हा पुन्हा आढळली आहे. ओझोनचा थर अडवतो ती अतिनील किरणं. आणि तापमानवाढ होते ती जमिनीकडून परत निघालेली अवरक्त उष्णता हरितगृह वायूंनी अडवून धरल्यामुळे. एकीकडे आत येणाऱ्याची गोष्ट, दुसरीकडे बाहेर जाणाऱ्याची. (गुंता वाढतो तो असा की ओझोनला खाणारे सीएफसी वायू (पूर्वी फ्रिजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरत ते) स्वतः जबर हरितगृह वायूही आहेत. त्यामुळे दोन्ही गोष्टी लांबून एकच भासतात.)

हे सरांना सांगायचं कसं? वर्गात, मुलांदेखत तर नाहीच. नंतरच्या गप्पांत ‘तुमचं एक चुकलं’ असं म्हटलं की समोरचा माणूस पुढचं काही ऐकत नाही, मग तुम्ही कितीही गोड बोला. मी एक कोरा कागद घेतला आणि म्हटलं, ‘सर, किरण कुठून कुठे जातात ते आपण एकदा काढू या का?’ त्यांनी काढायला घेतलं. वरून येणारा बाण, ओझोनचा थर, जमीन. जमिनीवरून परत जाणारा बाण काढताना त्यांचा पेन थांबला. ‘एक मिनिट,’ म्हणाले. त्या एका मिनिटात मी खिडकीबाहेर बघितलं. पुढच्या तासाला सरांनी मुलांना सांगितलं, ‘परवा मी दोन गोष्टींचा गोंधळ घातला, कुठे ते शोधा.’ अख्खा वर्ग पुस्तकांवर तुटून पडला. सरांची चूक शोधण्याइतका उत्साह कुठलाही प्रकल्प मुलांना देऊ शकत नाही.

त्याच धाग्यावरून ते पुढे गेले, आणि बरं झालं गेले. अंटार्क्टिकावरचा ओझोन विरत चालल्याचं ब्रिटिश संशोधकांनी १९८५ मध्ये जाहीर केलं. १९८७ मध्ये ओझोनला खाणारे वायू आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी तो मान्य केला. सीएफसी हळूहळू बाद झाले. २०२३ च्या सुरुवातीला जाहीर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या आढाव्यानुसार, हीच धोरणं टिकली तर बहुतेक जगावरचा ओझोन २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, अंटार्क्टिकावरचा २०६६ च्या सुमारास. मुलांनी आपापली वयं मोजली. २०६६ ला आपण किती वर्षांचे असू याचा हिशोब करताना वर्गात हास्याची कारंजी उडाली. बिघडलेली गोष्ट माणसांनी बसून, भांडून, करार करून सावरायला घेतल्याचं हे उदाहरण पुस्तकात बहुधा दोन ओळींत संपतं. मी शिक्षकांना सांगते, इथे दोन तास द्या, हिमनगाचा एक कमी करा.

कारण भीतीचा साठा मुलांकडे पुरेसा आहे. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या संशोधनपत्रिकेत १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १० हजार जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. ५९ टक्के जण हवामानबदलाने खूप किंवा अतिशय काळजीत होते, ७५ टक्क्यांना भविष्य भीतिदायक वाटत होतं. शिक्षक मला हळू आवाजात विचारतात, ‘मुलांना किती सांगायचं?’ एखादी मुलगी तास संपल्यावर येऊन ‘मग आपलं काय होणार?’ असं विचारते, तेव्हा सगळी पाठटाचणं कोरी पडतात. ‘काही होत नाही गं, शास्त्रज्ञ शोधतील काहीतरी,’ हे तोंडात येणारं उत्तर प्रेमापोटीच येतं. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ मारिया ओयाला यांनी आशेचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक आशा प्रश्न नाकारून येते आणि माणसाला स्वस्थ बसवते. दुसरी प्रश्न मान्य करून येते, आणि ती असलेली मुलं प्रत्यक्ष काही करण्याकडे अधिक झुकलेली दिसतात. आपल्या काळजीला शिक्षक हसत नाहीत आणि तरीही पुढचं बोलतात, असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांच्यात ही दुसरी आशा जास्त आढळली. म्हणून ‘किती सांगायचं’ याचं माझं उत्तर असं की, जितकं सांगाल तितकंच करायलाही द्या. हातात काही नसताना जगाचं ओझं नुसतं डोक्यावर ठेवू नका. वायसर लहान गोष्ट आहे, पण त्यांच्या आवाक्यातली आहे. मात्र मुलगी विचारत असताना आधी बसा. वायसर नंतर.

बसण्यावरून आठवलं. तासानंतरच्या गप्पांत मी ‘तास कसा वाटला?’ हे विचारायचं टाळते. त्याचं उत्तर ‘बरा झाला’ असंच असतं. त्याऐवजी मी एखादी बारीक गोष्ट घेते. उदाहरणार्थ, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबलात? मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून मोजलं होतं. प्रश्न टाकल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला उठवतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांबतात, न बोलणारी बोलू लागतात. बेरजेला सेकंद पुरत असेल. पण ‘शाळेतला भंगार कागद कमी करायचा तर कुणाकुणाला त्रास होईल?’ या प्रश्नाला सेकंदात काय येणार?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. एका वर्गाने शाळेचा रद्दी कागद तोलायचा ठरवला. ८० ग्रॅमचा कागद म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम, त्यात ए-४ आकाराचे १६ ताव बसतात, म्हणजे एक ताव ५ ग्रॅमचा. त्यामुळे वजनावरून ताव मोजता येतात, मोजत बसावं लागत नाही. मुलांनी आठवडाभर तोललं, आणि कागद सगळ्यात जास्त निघाला तो कुठल्याच वर्गातून नाही, तर शिक्षकखोलीतून. एका बाजूला छापलेल्या प्रश्नपत्रिका. त्या दिवशी मुख्याध्यापकांशी बोलायला मलाच जावं लागलं, मुलांचा तक्ता व्हरांड्यात लागू द्यावा म्हणून. शिक्षकाने वर्गात मोकळं दार ठेवायचं आणि शाळेने ते बाहेरून बंद करायचं, असं झालं तर दोष शिक्षकावर येतो. त्याची आधी तजवीज करणं हेही सोबतीचंच काम आहे, आणि ते पहिल्याच आठवड्यात करावं, तक्ता तयार झाल्यावर नव्हे. ‘प्लॅस्टिक टाळा’ हा तक्ता प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून टांगलेला असतो, आणि हे मुलांच्या आधीच लक्षात आलेलं असतं. ते बोलून दाखवायची मुभा आहे की नाही, एवढंच ती चाचपत असतात.

आता ती, कार्यक्रम मोठा झाला की परिणाम पातळ होत जाण्याची गोष्ट. एक माणूस किती बाकांवर बसणार? आमच्यासारखी माणसं दसपट केली तरी शाळा त्याहून जास्त, आणि घाईघाईने उभी केलेली सोबत बघता बघता तपासणी होऊन बसते, हातात तक्ता, तक्त्यात रकाने. म्हणून मी हल्ली दुसरंच मागते. वेळापत्रक करणाऱ्या शिक्षकांना गाठते, आणि दोन शिक्षकांना आठवड्यातून एकदा एकमेकांच्या तासाला बसता येईल अशी अदलाबदल करायला सांगते. शक्यतो वेगळ्या विषयांचे दोघे. एकाच विषयाचे असले की ते आशयावरून वाद घालतात. वेगळ्या विषयाचा माणूस मुलांकडे बघतो, कारण त्याला बघायला दुसरं काही नसतं.

गणिताच्या मॅडम आता भूगोलाच्या सरांच्या तासाला बसतात. परवा सरांनी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख घेतला होता, चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून जे मोजमाप सुरू केलं त्याचा. सुरुवातीला दहा लाख भागांत ३१५, आता ४२० च्या वर. रेघ सरळ चढत नाही, करवतीच्या पात्यासारखी दातेरी चढते. दरवर्षी उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की वायू शोषतात, पानं झडून कुजली की तो परत सुटतो, त्यामुळे मे महिन्यात शिखर आणि सप्टेंबरच्या सुमाराला तळ. मुलांना दाते फार आवडले. पण मॅडमचं डोकं दुसरीकडेच. तासानंतर शिक्षकखोलीत त्यांनी सरांना धरलं. ‘तुमचा उभा अक्ष ३१० पासून सुरू होतो. शून्यापासून घ्या. नाहीतर वाढ आहे त्याच्या कितीतरी पट दिसते. उद्या कुणी मुलांना सांगेल की आलेखात फसवाफसवी आहे, तेव्हा काय उत्तर देतील ती?’ सर म्हणाले, ‘शून्यापासून घेतला तर दाते दिसणार नाहीत. वर्षाची चढउतार सहाएक भागांची. सेंटिमीटरला २० भाग धरले तर आलेख कागदावर ३ मिलिमीटर. झाडांचा श्वास मी मुलांना दाखवू कसा?’ मॅडम म्हणाल्या, ‘तीन मिलिमीटर दिसतात. माझ्या मुलांना दिसतात.’

मी चहा घेत होते. दोघांनीही एकदा माझ्याकडे बघितलं आणि मी कपात बघितलं. शेवटी असं ठरलं की अर्ध्या वर्गाने अक्ष शून्यापासून घ्यायचा, अर्ध्याने ३१० पासून. मग दोन्ही आलेख शेजारी-शेजारी लावून खालच्या वर्गातल्या मुलांना विचारायचं, यातला कुठला जास्त खरा? फक्त त्यासाठी जोडतास लागेल, आणि शुक्रवारचा जोडतास चित्रकलेच्या मॅडमकडे आहे. तो मागायला कोण जाणार, यावरून आता नवा वाद सुरू आहे.